दाण्याचं कूट आणि ऑफिसचं कुलूप

मला उखाणा एकच येतो. तोही माझा मीच जुळवलेला, आणि तोही घाईत.

लंडनमध्ये हाउन्सलोला आल्यावर पहिल्याच संक्रांतीला डॉक्टरकाकूंकडे हळदीकुंकू होतं. डॉक्टरकाकू आमच्या रस्त्याच्या टोकाला राहतात. हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टर, आणि आमच्या भागातल्या यच्चयावत मराठी बायकांच्या, कोणी न नेमलेल्या, हेडमास्तरीण. त्यांनी मला दारातच अडवलं. "तू हाउन्सलोची नवी सून. नाव घेतल्याशिवाय वाण मिळणार नाही हं."

लग्नात मावशीने एक उखाणा घोकून घेतला होता, तो विमानातच कुठेतरी राहिला असावा. डोकं कोरं. समोर टेबलावर भरली वांगी, आणि मागे मला सोडायला आलेल्या ह्यांच्या पायात एअरपोर्टच्या कार्गोतले जाडजूड बूट. तोंडातून निघून गेलं:

"भरल्या वांग्यात दाण्याचं कूट,
अमुकराव निघाले ड्युटीवर घालून काळे बूट."

अमुकराव इथे लिहिण्यापुरते. तेव्हा मी ह्यांचं खरं नाव घेतलं होतं. बायका अशा हसल्या की एकीच्या हातातलं कुंकू काकूंच्या क्रीम रंगाच्या कार्पेटवर सांडलं. तेव्हापासून दरवर्षी माझी पाळी आली की आधीच खसखस पिकते. दुसऱ्या बायका नवे नवे उखाणे करून आणतात, माझ्याकडून मात्र सगळ्यांना बूटच हवे असतात.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं ह्या बुटांवर उभं आहे.

माझं शिक्षण आठवी. कराडजवळच्या आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. हायस्कूल पलीकडच्या गावाला. आई अंथरुणाला खिळली आणि नववीचं दप्तर भरलंच गेलं नाही. हायस्कूलच्या बाई एकदा स्वतः चालत घरी आल्या होत्या मला बोलवायला. मी दाराआड उभी राहिले. त्या ओसरीवर बसून वडिलांशी बोलल्या, चहा घेतला, जाताना माझ्या नावाने एक हाक मारली. मी ओ दिली नाही. लाज वाटली, की भीती, आता सांगता येत नाही. मला भीती कशाचीही वाटते. लिफ्टची वाटते, टेलिफोनची वाटते, कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेल्या तपकिरी पाकिटाची तर न उघडताच वाटते. आमचे हे म्हणतात, "तुला भीती वाटली नाही तर तुला करमत नाही."

पण माझं नशीब असं, की भीती वाटते त्या दारामागे बहुतेक वेळा भलं माणूसच निघतं. हाउन्सलोच्या लायब्ररीत फुकट इंग्रजीचा वर्ग चालायचा. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी माझं नाव मेडनहेडच्या एका ऑफिसात सुचवलं. मुलाखतीला मी देवाचं नाव घेत गेले. ऑफिसच्या मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही गुपित ठेवू शकता का?" मी म्हटलं, "मला बोलायचीच भीती वाटते." त्या हसल्या आणि नोकरी दिली. "फक्त मॅडम म्हणू नका," म्हणाल्या. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

सकाळी बसने स्लाऊ, तिथून ट्रेनने मेडनहेड. ऑफिस एका केकच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, त्यामुळे आमच्या कपड्यांना कायम व्हॅनिलाचा वास. काम मात्र गोड नव्हतं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना राहायला घरं असतात. तशी घरं चालवणाऱ्या संस्था जर्मनीत, हॉलंडमध्ये, बेल्जियममध्ये, आणखी कुठे कुठे. कोणा बाईला जिवाच्या भीतीने देशच सोडावा लागला, तर कुठल्या घरात जागा आहे ते आमचं ऑफिस बघायचं. त्या घरांचे पत्ते कुठल्याही फोनबुकात नसतात. ते फक्त आमच्या टपालात असायचे. आणि ते टपाल रोज सकाळी उघडायची मी. आलेली ईमेल बघायची, कुठल्या देशातली आहे ते पाहून ज्या त्या बाईच्या टेबलावर पोचवायची, आणि किटली चालू करायची. ह्यात किटलीचं काम मला अवघड जायचं, कारण त्यांना चहात दूध नंतर लागतं.

एके दिवशी जर्मनीहून एक पाहुणी आली. उंच, आखूड केसांची, कोट न काढता बसणारी. मी चहा ओतत होते. तिने आमच्या मॅडमना विचारलं, "तुमचं टपाल रात्री झोपतं कुठे?"

"म्हणजे? कंप्युटरमध्ये."

"कुठल्या देशातल्या कंप्युटरमध्ये?"

मॅडमनी आमच्या कारकून मुलीकडे बघितलं. तिने खिडकीबाहेर बघितलं. आमचं ईमेल तेव्हा एका फुकटच्या सेवेवर होतं. ती चालवणारी कंपनी समुद्रापलीकडची, तिची यंत्रं कुठे ते तिलाच ठाऊक, आणि तिथला कायदा तिथला. पाहुणी म्हणाली, "उद्या त्यांनी नियम बदलले, दुकान बंद केलं, कोणाला वाचू दिलं, तर तुम्ही कुठल्या दारात जाऊन भांडाल?"

मला आमच्या गावचा वाणी आठवला. पोस्ट लांब असल्यामुळे सगळ्या गावचं टपाल त्याच्या दुकानात यायचं. तो फुकट सांभाळायचा. आणि फुकट वाचायचा. आमच्या आत्याला मुलगा झाला हे आमच्या घरी कळायच्या आधी तेलाच्या रांगेत कळलं होतं. वाणी वाईट नव्हता हो, पेढेही त्यानेच आणून दिले. पण पत्र आमचं होतं ना. मी पाहुणीला दुसरा कप दिला.

महिन्याभरात आमचा मशीनवाला आला. वेल्सचा माणूस, पोट सुटलेला, आठवड्यातून दोन दिवस यायचा. स्टेशनरीचं कपाट रिकामं करून त्याने तिथे आमचा स्वतःचा सर्व्हर बसवला. रजिस्टरं आणि स्टेपलर माझ्या टेबलाखाली आले. ते मशीन दिवसभर भुंग्यासारखं गुणगुणायचं. त्याची एक प्रत रोज हॉलंडमधल्या संस्थेच्या मशीनमध्ये जायची आणि त्यांची एक आमच्याकडे यायची. शेजारणीकडे घराची जादा किल्ली ठेवतो तसं. मला ते फार आवडलं. मी कपाट रोज पुसायची.

मग त्याने आम्हा सगळ्यांना बिस्किटं देऊन शिकवणी घेतली. कामाचं बोलणं फक्त ह्याच पेटीतून. घरच्या ईमेलवर काही धाडायचं नाही. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. "आणि चूक झाली," तो म्हणाला, "तर आधी फोन, मग रडणं. रात्री-अपरात्री, रविवारी, कधीही. उलटं केलंत तर मी रागावेन."

मुख्य टपालाच्या पासवर्डसाठी त्याने मला बाजूला घेतलं. "ह्याला एक शब्द पुरणार नाही. अख्खी ओळ हवी. कुठल्याही पुस्तकात नसलेली. कागदावर लिहायची गरज पडू नये, झोपेतून उठवलं तरी आठवावी. ही ओळ ज्याच्याकडे, त्याला हे टपाल जगातून कुठूनही उघडता येईल. तेव्हा विचार करून निवड."

विचार कसला करायचा? आठवी शिकलेल्या बाईकडे आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसला लागणारी वस्तू तयार होती. माझा उखाणा कुठल्या पुस्तकात नव्हता. कुठल्या डिक्शनरीत नव्हता. मी इंग्रजी अक्षरांत तो अख्खा टाइप केला, वांग्यांपासून बुटांपर्यंत, ह्यांच्या नावासकट. मशीनवाला पाठ फिरवून उभा होता. "बाप रे," तो म्हणाला, "किती वेळ टाइप करते आहेस! पण छान, छान."

तेव्हापासून रोज सकाळी व्हॅनिलाच्या वासात मी नवऱ्याचं नाव घ्यायची आणि युरोपभरचं टपाल उघडायचं. मनातल्या मनात हसू यायचं. घरी ह्यांना सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम.

मग पुढची संक्रांत आली.

रविवारची दुपार, डॉक्टरकाकूंचं घर. स्वयंपाकघरात आम्ही चौघी-पाचजणी वाण लावत होतो. ह्या वर्षी वाण म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे. बोलता बोलता मला काय सुचलं कोण जाणे. एरवी तोंड न उघडणारी मी, पण त्या दिवशी तिळगूळ नरम झाला होता आणि सगळ्या कौतुक करत होत्या. काकूंनी विचारलं, "काय गं, ऑफिस काय म्हणतं?"

"काही नाही हो काकू. सकाळी जाते, उखाणा घेते, कुलूप उघडते."

"उखाणा घेऊन?"

"मग! आमच्या कंप्युटरला नाव घेतल्याशिवाय दार उघडायचं माहीतच नाही."

ह्या वाक्यावर टाळ्या पडल्या, आणि ते लगेच हॉलपर्यंत पोचलं. मीही खूश. आपण विनोदी बोलू शकतो ह्याचंच मला अप्रूप. कुठला उखाणा ते मी सांगितलं नव्हतं, म्हणजे गुपित शाबूत, असं मला वाटत होतं.

हॉलमध्ये उखाणे सुरू झाले. काकूंची लेक कॅमेरा घेऊन उभी. ती इथेच जन्मलेली, सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपली अकरावी-बारावी, मराठी तिच्या पद्धतीची. तिची आजी पुण्याला असते, तिला दाखवायला ती सगळं रेकॉर्ड करायची आणि नेटवर टाकायची. एकीचं झालं, दुसरीचं झालं, आणि माझ्या अलीकडची बाई उभी राहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्याकडे उखाणा एकच. आणि तो तर...

"ए, पुढची! बूट, बूट!"

"मला येत नाही," मी म्हटलं.

"अगं बाई! म्हणे येत नाही!"

"भाव खातेय. ऑफिसात जाते ना आता."

"खरंच नाही येत. विसरले."

"तू विसरली असशील, आम्ही कशा विसरू?" काकू म्हणाल्या. आणि हात वर करून, वर्गाकडून कविता म्हणून घेतात तसं, त्यांनी सुरू केलं, "भरल्या वांग्यात..."

सगळ्या खोलीने एका सुरात पुढचं म्हटलं. शब्द न् शब्द. ह्यांच्या नावासकट. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू.

"ताई, तुझी उखाणा बेस्ट आहे!" काकूंची लेक म्हणाली. "मी आत्ताच वर जाऊन अपलोड करतो. आजी झोपायच्या आधी." आणि ती जिन्याने धावत गेलीसुद्धा.

आमच्या संस्थेची पत्रकं लायब्ररीत पडलेली असतात, त्यावर टपालाचा ईमेल पत्ता छापलेला. कुलूप कुठलं ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आणि आता किल्ली सगळ्यांनी कोरसमध्ये म्हटली होती. त्या बायका माझ्या बहिणींसारख्या, त्यांच्यावर माझा अविश्वास नव्हता. पण बाई घरी जाऊन गंमत सांगते, नवरा ती दुसऱ्याला सांगतो, आणि व्हिडिओ तर कोणीही बघेल. पळून आलेल्या बायकांना शोधणारी माणसं कपाळावर तसं लिहून फिरत नाहीत. सूटबुटातली असतात. हळदीकुंकवाला बायकोला गाडीने सोडायलाही येत असतील.

मी "आले हं" म्हणून वर गेले. पाहुण्यांचे कोट बेडरूमच्या पलंगावर रचलेले होते, माझा मोबाईल माझ्या कोटात. दार लोटून मी त्या ढिगात हात घातला. शेजारच्या खोलीत कंप्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. मोबाईल सापडला. आणि मग मी तशीच बसले.

कारण काय होणार ते मला दिसत होतं. मशीनवाला मॅडमना सांगणार. मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता मला नोकरी देताना, आणि त्याचं उत्तर आज मिळालं होतं. गप्प बसले तर कोणाला कळणार होतं? कदाचित काहीच झालं नसतं. सोमवारी जाऊन मी गुपचूप दुसरी ओळ टाकली असती. बसल्या जागेवरून लक्षात आलं, की मी दाराआड बसले आहे. पुन्हा. ओसरीवर कोणीतरी माझी वाट बघतंय आणि मी ओ देत नाहीये.

मी फोन लावला.

पलीकडे प्रचंड गोंगाट. वेल्सची रग्बीची मॅच होती. "कोण? काय झालं? एक मिनिट, ए, आवाज कमी करा रे!"

मी एका दमात सांगितलं. इंग्रजी सगळं गडबडलं. उखाणा म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना तर वांगी, नवरा आणि बूट ह्यांचा भलताच संबंध लागला. तो मध्ये एकदाच बोलला, "म्हणजे तुझा पासवर्ड एका खोलीभर बायकांनी गायला?"

"हो. आणि आता इंटरनेटवर चाललाय."

"थांब."

कीबोर्डचे आवाज. मागे लोक ओरडले, कोणीतरी गोल केला असावा, त्यांच्यात त्याला गोल म्हणत नाहीत. मी कोणाचा तरी लोकरी कोट घट्ट धरून बसले होते.

"हां. पेटी बंद केली. आता ती ओळ टाकली तर काही उघडणार नाही."

"कोणी आत..."

"बघतोय. शुक्रवारी संध्याकाळी तू. त्यानंतर कोणी नाही. आत्ताही कोणी नाही. सगळे पत्ते जागच्या जागी."

मला रडू आलं. तो म्हणाला, "बरोबर. आधी फोन, मग रडणं. क्रम चुकला नाहीस." मग म्हणाला, "चूक माझीही आहे. तू विसरणार नाहीस अशी ओळ निवड म्हटलं. दुसरंही कोणी विसरणार नाही अशी नको, हे सांगायचं राहिलं."

"मॅडम काय म्हणतील?"

"ते उद्या. तुझी मॅच संपली, माझी संपायची आहे. जा, आता ती ओळ छपरावर चढून म्हटलीस तरी चालेल."

मी तोंड धुऊन खाली आले. काकूंनी माझे डोळे पाहिले. "काय गं? रागावलीस का? आम्ही आपली गंमत केली."

"नाही हो काकू. माझा उखाणा मी घेतलाच नाही अजून. तुम्हीच घेतलात. असं असतं का?"

आणि मी खोलीच्या मधोमध उभी राहून, कधी नव्हे ती खणखणीत आवाजात म्हटला. बुटांपाशी पोचल्यावर पायसुद्धा आपटला. काकूंच्या लेकीला पहिला व्हिडिओ पुसून हा दुसरा टाकावासा वाटला. पुण्याच्या आजीला म्हणे फार आवडला. तो व्हिडिओ कुठल्या देशातल्या मशीनमध्ये झोपतो, मला ठाऊक नाही. झोपू दे सुखाने. त्यात कोणाचा पत्ता नाही.

सोमवारी मी ऑफिसची किल्ली पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवून गेले, परत करायला सोपी पडावी म्हणून. हातात तिळगुळाचा डबा. स्लाऊला ट्रेन उशिरा आली, तेवढीच आणखी भीती वाटून घेतली. मॅडमना मशीनवाल्याने रात्रीच कळवलं होतं. त्यांनी मला बसवलं आणि चहा, अहो चहा, स्वतः केला. दूध नंतर.

"मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, गुपित ठेवता येईल का," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम." माझा हात पर्समध्ये.

"चुकीचाच प्रश्न होता. गुपित आज ना उद्या कोणाकडूनही फुटतं. फुटल्याचं लपवता का, हे विचारायला हवं होतं." त्यांनी एक तिळगूळ तोंडात टाकला. "त्याचं उत्तर काल मिळालं. आता ती पर्स बंद करा आणि आत जाऊन नवी ओळ निवडा. खाली मान घालून जाऊ नका. आणि हे दाताला चिकटणारं काय आहे?"

"तिळगूळ. गोड बोलायचं असतं खाऊन."

"मग मी बोललेच आहे."

नवी ओळ. मी कपाटासमोर बराच वेळ बसले. सर्व्हर गुणगुणत होता. मी कधीच विसरणार नाही अशी, आणि दुसऱ्या कोणीही कधी न ऐकलेली. उखाणे बाद, आरत्या बाद, म्हणी बाद, आईच्या ओव्या बाद. आपण आयुष्यभर जे जे बोलतो ते चार माणसांत बोलतो, आमच्याकडे तर दहा. कोणी न ऐकलेलं माझ्याकडे काय होतं?

मग आठवलं. बाई ओसरीवरून उठल्या होत्या, चपला घातल्या होत्या, माझ्या नावाने हाक मारली होती. दाराआड माझ्या ओठांपर्यंत एक वाक्य आलं होतं. ते तिथेच राहिलं. आईला सांगितलं नाही, ह्यांना सांगितलं नाही. पण विसरले नव्हते, अक्षरही नाही.

ते मी टाइप केलं. मशीनवाला पाठ फिरवून उभा होता. "ही तर आधीपेक्षा छोटी वाटली," तो म्हणाला.

"पुरेल," मी म्हटलं.

त्यानंतर मी त्या ऑफिसात असेपर्यंत रोज सकाळी किटली लावायच्या आधी बाईंना ओ दिली. कुठलं कुठलं टपाल त्या एका वाक्याने उघडलं. कोणा बाईला बेल्जियममध्ये खोली मिळाली, कोणाची मुलं जर्मनीत शाळेत गेली. बाईंना हे कळायचा मार्ग नव्हता, पण मला बरं वाटायचं.

नोकरी सोडून आता वर्षं झाली. ते वाक्य केव्हाच बदललं असेल, कपाटातलं मशीनही. तरी मध्यंतरी ह्यांनी विचारलंच, "आता तरी सांग. उखाण्यानंतर काय ठेवलं होतंस? माझं नाव होतं का त्यात?"

"अहो," मी म्हटलं, "बूट घाला. ड्युटीला उशीर होतोय."